झाकलेले रूप

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेने निघाले, की 8-10 किलोमीटरांवर धाम नदीच्या काठी पवनार लागते. नदीकाठच्या उंचवट्यावर आचार्य विनोबा भावे यांचा आश्रम आहे. 1959 साली त्यांनी भगिनींसाठी स्थापन केलेले ब्रह्मविद्या मंदिर ते हेच. या आश्रमात एक शिल्प आहे. ते कोणा कारागिराकडून घडवून घेतलेले नाही किंवा कोठून विकतही आणलेले नाही. ते जमिनीतून निघाले.

विनोबा 1938 साली पवनारला आले ते प्रकृती पार खालावली होती म्हणून. गांधीजींच्या सांगण्यावरून, मनातली सर्व कामे बाजूला ठेवून, जमनालाल बजाजांच्या नदीकाठच्या बंगल्यात ते राहू लागले. रोज थोडे थोडे खणणे हाच त्यांचा व्यायाम होता. असे खणता खणता कुदळ दगडाला लागली. माती दूर केल्यावर आकृत्या कोरलेला एक जुना फलक हाती आला. विनोबांनी त्यात राम आणि भरत यांची भेट पाहिली. त्यांना ती तशी दिसली याला एक पूर्वपीठिका आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर जी प्रवचने दिली, आणि जी साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यांतील बाराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी लक्ष्मण आणि भरत या दोन भावांचे उदाहरण घेतले होते. लक्ष्मण रामाच्या सहवासात राहणारा, म्हणून सगुणाचा भक्त. आणि भरत रामापासून दूर राहून त्याचेच काम करणारा, म्हणून निर्गुणाचा भक्त. चौदा वर्षांच्या तपानंतर राम आणि भरत एकमेकांना भेटतात तेव्हा त्यांतला राम कोणता आणि भरत कोणता हे ओळखता येऊ नये, असे चित्र एखाद्या चित्रकाराने काढले तर किती बहार होईल, असा विचार त्यांनी तेथे मांडला होता. पुढे काही वर्षांतच तशी मूर्ती स्वतःच्याच कुदळीखाली सापडावी, याला विनोबांनी योगायोग मानले नाही. मूर्तिपूजेचा विशेष ओढा नसलेल्या या माणसाने ती मूर्ती प्रेमाने स्थापन केली.

मला नेहमी पडणारा प्रश्न निराळा आहे. सापडण्यापूर्वी ती मूर्ती काय करीत होती?

प्रश्न थोडा बालिश वाटेल, पण तो सहज उडवून लावण्यासारखा नाही. मूर्ती ही पाहण्यासाठी असते, अशी आपली समजूत आहे. जे पाहण्यासाठी केले ते शेकडो वर्षे कोणीच पाहिले नसेल, तर त्या काळात ते मूर्ती होते, की नुसता दगड? आपल्या डोळ्यांनी तिला पुन्हा मूर्तिपण दिले, की ते तिच्यापाशी आधीपासून होतेच? याचे उत्तर आपण कसे देतो यावर आपल्या देव्हाऱ्यातील क्रूसाकडे, चर्चमधील संतांच्या पुतळ्यांकडे, आणि खरे तर एकमेकांकडेही आपण कसे पाहतो हे पुष्कळसे अवलंबून आहे, असे मला वाटते.

पवनार हे गाव साधे नव्हे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या गावाची ओळख वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर अशी पटवली आहे. 1967 साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. हा राजा पाचव्या शतकातला. त्याची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. पतीच्या निधनानंतर अल्पवयीन मुलांच्या वतीने तिने राज्यकारभार सांभाळला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तिचा एक ताम्रपट मिळाला आहे. तो रामगिरीच्या स्वामीच्या पायांपाशी दिल्याचे त्यात नमूद आहे. रामगिरी म्हणजे आजचे रामटेक. राणीने आपल्या दानाला साक्ष ठेवले ते देवाच्या मुखाला नव्हे, तर चरणांना. भरताच्या कथेतही नेमके हेच आहे. राम वनात, सिंहासन रिकामे, आणि सिंहासनावर पादुका. पादुका काय दाखवतात? येथे कोणी तरी उभा होता आणि आता तो दिसत नाही, एवढेच. ज्याची वाट पाहायची त्याचे रूप मुद्दामच मोकळे ठेवलेले असते.

आणखी एक गोष्ट याच रिद्धपूरची. पुढे तेराव्या शतकात महानुभावांनी मूर्तिपूजा बाजूला ठेवली. पण श्रीचक्रधर आणि श्रीगोविंदप्रभू जेथे बसले, जेवले, निजले ती स्थाने त्यांनी जपली आणि ते ओट्यांना नमस्कार करू लागले. तेथे दिसते ती केवळ जागा.

आपण कॅथलिक घरांत वाढलेली माणसे या सगळ्याला अगदी परकी नाही. माझे बालपण वर्धा जिल्ह्यात रेल्वेच्या चाळीत गेले. वडील रेल्वेत होते आणि आजी मूळची वसईची. उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत आमच्या लहानशा चर्चमधील सगळे पुतळे जांभळ्या कापडाने झाकले जात. आम्हां मुलांना त्याची भीतीही वाटे आणि ओढही. एरवी वर्षभर ज्या संत जोसेफकडे मी ढुंकूनही पाहिले नसेल, त्याच्या हातातले लिलीचे फूल कसे आहे हे आठवण्याचा प्रयत्न मी त्याच दिवसांत करीत असे. शुभ शुक्रवारी क्रूसावरचे वस्त्र टप्प्याटप्प्याने खाली येई, प्रथम एक बाजू, मग दुसरी, आणि शेवटी संपूर्ण देह. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ही प्रथा सक्तीची राहिली नाही आणि पुष्कळ धर्मग्रामांतून ती सुटली. ती सुटली याचे मला वाईट वाटते. आमच्या पिढीतील काही जाणती मंडळी तिला जुन्या काळचे अवडंबर म्हणतात, पण जे सदासर्वकाळ समोर असते ते दिसेनासे होते, ही गोष्ट त्या जांभळ्या कापडाला बरोबर कळली होती.

ख्रिस्तसभेने मूर्तींचा प्रश्न फार मोठी किंमत देऊन सोडवला आहे. आठव्या शतकात बायझंटिन सम्राटांनी प्रतिमा फोडण्याचे सत्र आरंभले, तेव्हा दमास्कसच्या संत योहानाने त्यांच्या बाजूने लेखणी उचलली. तो मुस्लिम सत्तेखाली राहत होता, म्हणून ख्रिस्ती सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणायचा. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जो परमेश्वर अदृश्य आहे त्याचे चित्र काढता येत नाही हे खरे; परंतु तोच देह धारण करून माणसांत वावरला, तेव्हा जे दिसले त्याचे चित्र काढता येते. 787 साली निकाया येथील दुसऱ्या परिषदेने प्रतिमांचा सन्मान मान्य केला आणि तो सन्मान प्रतिमेपाशी न थांबता मूळ व्यक्तीकडे जातो असे स्पष्ट केले. आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात एवढेच शिकतो आणि पुढे जातो. पण या युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. नासरेथच्या सुताराकडे ज्यांनी डोळे भरून पाहिले, त्यांतील बहुतेकांना देव दिसला नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताच्या देहालाच पडद्याची उपमा दिली आहे. म्हणजे ज्या देहाने प्रकट केले, त्याच देहाने झाकलेही. चांगल्या प्रतिमेचे असेच असते. ती दाखवते त्याच क्षणी आणखी काही तरी मागे राखून ठेवते.

मध्ययुगातील कारागिरांना हे ठाऊक होते. सोळाव्या शतकाच्या प्रारंभी, माथियास ग्र्यूनेवाल्ट या चित्रकाराने आल्सास प्रांतातील इसेनहाइमच्या मठासाठी एक वेदीचित्र रंगवले. मठाला जोडून रुग्णालय होते आणि तेथे संत अंतोनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाहक रोगाचे रुग्ण येत. बुरशी लागलेल्या धान्यातून होणारा हा रोग. त्यात हातपाय काळे पडून झडत. हे वेदीचित्र दारांच्या पाकळ्यांसारखे मिटत असे. मिटलेले असताना दिसे तो क्रूसावरचा ख्रिस्त, अंगभर जखमा, हिरवट पडलेली कातडी. सणाच्या दिवशी पाकळ्या उघडत आणि आतून पुनरुत्थित ख्रिस्ताचा तेजोगोल बाहेर पडे. रुग्णाला रोज दिसे तो आपल्यासारखाच फोडांनी भरलेला देव, आणि त्याच्या मागे, एका फळीआड, काय आहे हे त्याला ठाऊक असे. आज हे चित्र कोल्मारच्या संग्रहालयात आहे. तेथे त्याच्या पाकळ्या सुट्या करून मांडल्या आहेत, म्हणजे प्रेक्षकाला सगळ्या बाजू एकाच भेटीत पाहता येतात. अभ्यासकांची सोय झाली हे मान्य. पण सणाची वाट पाहणाऱ्या रुग्णाला जे मिळत होते, ते तिकीट काढून आत शिरणाऱ्याला मिळेल काय?

पाहण्याची भूक जुन्या काळीही होतीच. 1200 सालच्या सुमारास मिस्सामध्ये पवित्र भाकर उंच धरून लोकांना दाखवण्याची प्रथा रूढ होऊ लागली, आणि लवकरच लोक केवळ तो एक क्षण पाहण्यासाठी या चर्चमधून त्या चर्चमध्ये धावू लागले. पाहिले की निघाले! आपल्याकडे गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष एरवी उंचावरच्या पेटीत असतात आणि साधारणतः दहा वर्षांनी खाली आणले जातात. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झालेल्या दर्शनाला आमच्या भागातूनही मंडळी गेली. परत आल्यावर एका गृहस्थांनी मला मोबाइलवर 14 छायाचित्रे दाखवली. तुम्ही स्वतः किती वेळ पाहिलेत, असे विचारल्यावर ते जरा थबकले. मी त्यांना नावे ठेवीत नाही. रांग पुढे सरकत होती आणि हात आपोआप खिशाकडे गेला.

याउलट सेवाग्रामची एक आठवण. गांधीजी 1936 साली त्या खेड्यात राहायला गेले. 1942 च्या उन्हाळ्यात तेथे येऊन राहिलेल्या लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराने लिहून ठेवले आहे, की गांधीजींच्या कुटीच्या मातीच्या भिंतीवर शोभेची म्हणून एकच वस्तू होती: प्रभू येशूचे एक काळे-पांढरे चित्र, आणि त्याखाली, ख्रिस्त हाच आपला समेट आहे अशा अर्थाचे, पौलाच्या पत्रातील शब्द. रिकाम्या भिंतीवर एकच चित्र. फिशरला ते दिसले यात नवल नाही.

येथवर मी झाकण्याची थोरवी गायिली. पण हा विषय एवढ्यावर सोडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, कारण आपल्या देशात देव झाकून ठेवण्याचा दुसराही एक इतिहास आहे आणि वर्ध्याला तो विसरता येणार नाही. जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले केले. त्यापूर्वी तीच मूर्ती, त्याच गाभाऱ्यात, याच शहरातील काही माणसांना रोज दिसत होती आणि काहींना जन्मात दिसणार नव्हती. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, दाराबाहेर. ते दार सर्वांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषण करावे लागले. विनोबांनी 1953 साली देवघरच्या मंदिरात हरिजनांसह जाण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्यांना मार खावा लागला. 1958 साली पंढरपुरात मात्र अन्य धर्मीय सहकाऱ्यांसह ते विठ्ठलापर्यंत जाऊ शकले. आणि हे वाचताना आपण ख्रिस्ती लोकांनी मान ताठ करण्याचे कारण नाही. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे आपल्याच एका चर्चमध्ये जातीजातींना वेगळे ठेवणारी भिंत होती. ती पाडायला विसावे शतक उजाडावे लागले. वेदी एकच होती, आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांमध्ये भिंत होती.

मग जांभळे कापड आणि गाभाऱ्याचे बंद दार यांत फरक कोणता? दोन्हीही झाकतातच. पुष्कळ दिवस मला हा फरक नुसता जाणवत होता, सांगता येत नव्हता. आता मी तो असा मांडीन. चर्चमधील ते वस्त्र सर्वांपासून सारखेच झाकते. फादरांना पुतळा दिसत नाही आणि चर्च झाडणाऱ्या बाईलाही दिसत नाही. आणि ज्या दिवशी ते निघते त्या दिवशी दोघांनाही एकदमच दिसते. तेथे अडसर काळाचा आहे, कुळाचा नाही. वाट पाहायला लावणे निराळे आणि वाट अडवणे निराळे. प्रभू येशूने प्राण सोडला तेव्हा यरुशलेमच्या मंदिरातला पडदा वरून खालपर्यंत फाटला असे शुभवर्तमान सांगते. त्या पडद्याआड केवळ महायाजक जात असे, आणि तोही वर्षातून एकदाच.

तरीही हा निकष मला पुरता पटतो असे नाही. गाभाऱ्यात दिवा एकच का, अंधार का, याचे उत्तर नुसत्या समतेत मिळत नाही. सर्वांना सारखेच दाखवायचे म्हणून गाभाऱ्यात विजेचे मोठे दिवे लावले, तर अन्याय दूर होईल आणि आणखीही काही तरी दूर होईल. दार सर्वांना उघडे असावे आणि आतला अंधार मात्र तसाच राहावा, अशी माझी इच्छा आहे. ती तर्कात कशी बसवावी हे मला अजून साधलेले नाही.

पुन्हा पवनारकडे येतो. तेथे निघालेल्या फलकांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मिराशींनी त्यांत रामायणातील प्रसंग ओळखले. पुढच्या काही अभ्यासकांना त्यांत कृष्णचरित्राची दृश्ये दिसतात. विनोबांनी ज्याला राम-भरत म्हटले ते उद्या दुसरेच कोणी ठरले तर? भक्तांच्या भावना दुखावतील म्हणून संशोधकाने गप्प बसावे, असे मी कधीच म्हणणार नाही. खरे काय ते शोधलेच पाहिजे. पण तसे ठरले तरी विनोबांना त्या दगडातून जे मिळाले ते खोटे ठरेल, असेही मला म्हणवत नाही, आणि याला माझ्या घरातलाच एक प्रसंग कारण आहे.

आजीने वसईहून येताना हातभर उंचीची एक लाकडी मूर्ती आणली होती. तिला ती रेमेदी माता म्हणे आणि रोज रात्री तिच्यासमोर रोझरी म्हणे. एकदा घरी आलेल्या एका वृद्ध फादरांनी मूर्ती हातात घेऊन न्याहाळली. तिच्या पायाशी मोडक्या चाकाचा तुकडा त्यांना आढळला. ते म्हणाले, ही पवित्र मरिया नव्हे, ही आलेक्झांड्रियाची संत कॅथरिन असावी. चाक ही तिची खूण. आम्ही सगळे गोंधळून आजीकडे पाहू लागलो. आजीने मूर्ती परत घेतली, पदराने पुसली आणि जागेवर ठेवली. त्या रात्री रोझरी नेहमीप्रमाणे झाली. शेवटी तिने संत कॅथरिनचे नाव घेतले, इतकी वर्षे राहून गेले म्हणून तिची क्षमा मागितली, आणि दुसऱ्या दिवसापासून दोघींचीही प्रार्थना सुरू केली.

आजी गेल्यावर मूर्ती आमच्याकडे आली. वर्ध्याकडे वाळवी काय चीज आहे हे तेथे राहणाऱ्यालाच माहीत. काही वर्षांतच आतून सगळे पोखरले. चेहरा सपाट झाला, हात गळून पडला, आणि एका पावसाळ्यात उचलायला गेलो तर पाठीचा भुगा हातात आला. मुले म्हणाली, टाकून द्या. टाकवेना. फादरांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की आशीर्वादित वस्तू मोडली तर ती कचऱ्यात जात नाही. जाळावी किंवा स्वच्छ जागी पुरावी. आमच्या शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा त्यांना काहीच आश्चर्य वाटले नाही. खंडित मूर्ती पाण्यात सोडायची हे त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. दरवर्षी गणपतीही ते धामेतच नेतात. त्याच धाम नदीत, पवनारला, 12 फेब्रुवारी 1948 रोजी गांधीजींच्या अस्थींचा अंश विसर्जित झाला होता.

मी अंगणातल्या लिंबाखाली दोन हात खोल खड्डा केला. मूर्ती आजीच्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळली आणि काळ्या मातीत ठेवली. पत्नीने आणि मी आमचा बाप म्हटले. त्याला आता बारा वर्षे होऊन गेली. लाकूड केव्हाच मातीत मिळाले असेल. पवनारच्या दगडासारखे ते कोणाच्या कुदळीला लागणार नाही, आणि लागलेच तर त्यात कोणाला रेमेदी माताही दिसणार नाही आणि संत कॅथरिनही. तरीही तेथून जाताना माझा पाय जरा बाजूने पडतो.

मागच्या वर्षी नळाची नवी जोडणी करायला माणसे आली होती. सरळ रेषेत चर खणला असता तर तो लिंबाच्या बुंध्याशेजारून गेला असता. मी त्यांना थोडे वळसा घालून खणायला सांगितले. पाइप जास्त लागेल, ते म्हणाले. लागू द्या, मी म्हणालो. खाली काय आहे, असे त्यांच्यातल्या पोरसवद्या मुलाने विचारले. मूर्ती आहे, असे मी सांगितले, तेव्हा त्याने कोणाची हे विचारले नाही. फावडे खाली ठेवून त्याने पायातल्या चपला काढल्या आणि मग पलीकडून खणायला सुरुवात केली.